तिसऱ्या बुरुजाच्या तीन रेघा

जून, द्राक्षवेलींना फुलोरा आला तो आठवडा
वर्ष: गेल्या साली जे कॉन्सल होते, त्यांच्यानंतरचं

प्रोकुलाताईस,

वर्ष लिहिताना हात अडखळला, म्हणून वर तसं लिहिलंय. या साली रोमचे दोन कॉन्सल कोण झाले ते आम्हाला अजून कुणी कळवलेलं नाही, आणि कॉन्सलांच्या नावाशिवाय वर्षाला नाव नाही. बाबा असते तर त्यांनी पत्र लिहायलाच घेतलं नसतं. ज्या लिखाणावर वर्ष नाही ते लिखाण म्हणजे नाकाशिवाय तोंड, असं म्हणायचे. की इटलीत जाऊन बाबांनाही विसरलीस?

अकरा वर्षांनी लिहिते आहे ते तुझी आठवण आली म्हणून नाही. मीठवाला आल्प्स ओलांडून रावेन्नापर्यंत जाणार आहे, आणि एक गोष्ट तुला कळवणं माझं काम आहे. सेक्को गेला. जानेवारीत, तापाने. माझा नवरा तुला कधीच पसंत नव्हता, तेव्हा रडू आलं नाही तर ओढूनताणून आणू नकोस.

त्याचं पाटीचं काम आता माझ्याकडे आहे. हसू नकोस, ठाण्यात लिहिता येणारं दुसरं कोण उरलंय? रोज ऊन कलायला लागलं की मी किल्लेदार फ्लोरसांकडे जाते. ते त्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगतात, मी तो मेणाच्या पाटीवर कोरते, आणि गामो ती पाटी घेऊन नदीकाठच्या बुरुजांकडे निघतो. पहिल्या बुरुजाने मेणात एक रेघ मारायची, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन, आणि सूर्य बुडायच्या आत पाटी परत किल्लेदारांच्या हातात. लहानपणापासून बघितलंयस तू. फरक इतकाच की शब्द बदललेत. पूर्वी 'विजय', 'एकी' असले शब्द असत. आता म्हाताऱ्याला जे आठवेल ते. परवा मेलेल्या घोडीचं नाव दिलं. काल 'मसुराची आमटी'.

गामो म्हणाला, "वहिनी, हा शब्द शत्रूला कळला तरी हरकत नाही. कळला तर जेवायला येतील."

गामो म्हणजे सेक्कोचा तो लंगडा दोस्त, ज्याने तुझ्या लग्नात पिंप पालथं केलं होतं. पहिल्या बुरुजावर आता तो एकटाच असतो. सगळे मिळून अकरा शिपाई उरलेत, त्यातल्या चौघांना दात नाहीत. स्नानघरात शेळ्या बांधतो. भावजींना सांग, ज्या गरम फरशीवर ते सकाळभर लोळायचे तिथे आता आमचा बोकड लोळतो, आणि तितकाच खुशीत असतो.

माझा उर्सो बरा आहे. तेवीस वर्षांचा झाला. तिसऱ्या बुरुजावर असतो. बापाच्या मातीला त्याला येता आलं नाही, पहाऱ्यावर होता. रोज संध्याकाळी त्याच्या तीन रेघा येतात, त्यावरून खुशाली कळते. तिकडची वाट खराब झाल्यामुळे मी जात नाही.

उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस.

क्विंतिला

ऑगस्ट, संत लॉरेन्सच्या सणानंतर तीन दिवसांनी
वर्ष: वर लिहिल्याप्रमाणेच

ताई,

नको म्हटलं तरी उत्तर पाठवलंस. तुझी खोड गेली नाही.

पत्र मी तीनदा वाचलं. भावजींचं तेलाचं दुकान चाललंय हे बरं झालं. सम्राट गेले, त्यांच्या जागी राजा आला, आणि दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीच्या वेळेला उघडला, हेही तू लिहिलंस. आम्ही इथे कोणासाठी नदीवर उभे आहोत ते मग कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि एक. तुझ्या पत्रावरही वर्ष नाही. बाबांची मुलगी तू.

तू लिहितेस, "उर्सो बरा आहे तर त्याच्या हातच्या दोन ओळी पाठव. तो नाराज असेल तर शिव्या लिहू दे, पण अक्षर त्याचं हवं."

तुला माझं खोटं पहिल्यापासून कळतं. अंजिरं मी खाल्ली की सेक्कोने, तेही कळायचं.

ताई, तिसरा बुरूज जानेवारीत जळाला. नदी गोठली, आणि पलीकडचे रुगी टोळीवाले बर्फावरून चालत आले. चौघेजण होते वर. सकाळी आमची माणसं गेली तेव्हा तिघे सापडले. उर्सो सापडला नाही. बर्फात नाही, राखेत नाही, नदीकाठी नाही. सेक्को तापात होता, त्याला मी सांगितलं नाही. तो पाच दिवसांनी गेला, मुलगा पहाऱ्यावर आहे असं समजून गेला.

पलीकडच्यांनी धरून नेला असेल, असं लोक म्हणतात. म्हणत होते. आता काही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही पाटीची गोष्ट माहीत आहे.

दुसऱ्या बुरुजावरची माणसं आम्ही त्याच आठवड्यात मागे घेतली. म्हणजे पहिल्याच्या पुढे सगळं रिकामं. तरी फ्लोरस रोज शब्द देत राहिले. त्यांची नजर गेली आहे, आणि कुठलं साल चाललंय ते त्यांना पक्कं सांगता येत नाही. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून मी लिहीत राहिले, गामो नेत राहिला. आणि पाटी रोज सहा रेघांनिशी परत येत राहिली. एक, दोन, तीन.

मला वाटलं, गामोच मारतो. महिनाभर काही बोलले नाही. मग एकदा दारात अडवलं.

"गामो, माझ्याशी असा खेळ करू नकोस. पोरगा गेलाय माझा."

तो खाली बघत म्हणाला, "एक रेघ माझी, वहिनी. दोनही माझ्याच. दुसऱ्या बुरुजाच्या मी मारतो, कबूल. तीन माझ्या नाहीत."

"मग कोणाच्या?"

"उद्या तुम्हीच चला. मला बोलायला लावू नका."

गेले. दुसरा बुरूज वाळुंजांच्या वळणावर आहे, तुला माहीत आहे, तिथे आपण कपडे धुवायचो. छप्पर पडलंय, पण दाराशेजारची पाटी टांगायची खुंटी शाबूत आहे. ऊन चांगलं होतं, माश्या घोंघावत होत्या. गामोने दोन रेघा मारून पाटी टांगली आणि बुरुजाकडे पाठ करून दगडावर बसला.

"पाठ कशाला?"

"एकदा नव्हती केली. पाटी जागची हलली नाही. साहेबांना तीनच रेघांची पाटी द्यावी लागली. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही."

मीही पाठ करून बसले. समोर नदी, पाणी अगदी उथळ. काही वेळाने माश्यांचा आवाज थांबला. वास आला, जळून मग भिजलेल्या लाकडाचा. मग मागे पाटी भिंतीवर एकदा आपटली. टक्. इतकंच.

वळून बघितलं तर खाली तीन रेघा होत्या. ऑगस्टात मेण बोटाला चिकटतं, ताई. हे दगडासारखं होतं, त्यावर हिव धरलं होतं. आणि रेघा डावीकडे कललेल्या.

डावखुरा तो. मी त्याचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधून ठेवायचे, उजव्याने लिहावं म्हणून, आणि मी विहिरीवर गेले की तू गुपचूप सोडायचीस. मला कळायचं ते.

त्याच्या हातच्या दोन ओळी मागितल्यास. तीन रेघा आहेत. मेण पाठवता येत नाही, वाटेत वितळेल.

क्विंतिला

सप्टेंबर, द्राक्षं काढून झाली
वर्ष: तेच. विचारू नकोस.

ताई,

हे पत्र पोचेल की मी आधी पोचेन, सांगता येत नाही. खरं तर मी निघेन की नाही तेच ठरलेलं नाही.

इटलीच्या राजाकडून हुकूम आलाय. नदीकाठच्या सगळ्या रोमनांनी ठाणी सोडायची आणि इटलीत यायचं. महिन्याची मुदत. नंतर इथे राहील तो पलीकडच्यांचा. हुकूम घेऊन आलेला घोडेस्वार पंचविशीचा असेल, जर्मन मिशा, बोलणं मात्र लाघवी. मी त्याला विचारलं, या साली कॉन्सल कोण?

"एक होता की दोन, मावशी, आठवत नाही. नाव कळवलं होतं खरं. तुम्हाला कशाला हवंय?"

"वर्ष लिहायला."

"न लिहून काही अडलंय का?"

त्या पोराला मी काय सांगणार होते? तुला सांगते. आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगते, कारण तू तेवढीच उरली आहेस.

जानेवारीची तिसरी तारीख. नदीच्या कडेने बर्फ धरायला लागलं होतं. फ्लोरसांनी सकाळीच सांगितलं, तिसरा बुरूज उठवा, माणसं आत घ्या. सेक्को तापाने बरळत होता, म्हणून हुकमाची पाटी मी लिहिली. रोजच्या शब्दावर वर्ष नसतं, हुकमावर लागतं. तू गेल्यानंतरचा नियम आहे हा. पलीकडच्यांनी एकदा मेलेल्या जासुदाजवळची जुनी पाटी घेतली, एका चौकीला दाखवली, 'बाहेर या' म्हणून. पाच जण बाहेर आले आणि कापले गेले. तेव्हापासून वर्ष चालू नसेल तर हुकूम मानायचा नाही. ही गोष्ट ठाण्यातल्या प्रत्येक पोराला मी शिकवली, बाबांची मुलगी म्हणून मिरवत शिकवली. उर्सोला सगळ्यात जास्त.

आणि मी वर्ष लिहिलं ते गेल्या सालचं. सालं बदलून तीनच दिवस झाले होते. नवी नावं आली नव्हती, तेव्हा 'अमक्यांच्या नंतरचं वर्ष' असं लिहायला हवं होतं. हाताला वर्षभराची सवय. एका बाजूला नवरा कण्हत होता, मी गेल्या वर्षाची दोन नावं लिहून मोकळी झाले.

पाटी संध्याकाळी परत आली. तीन रेघा, आणि खाली त्याचं डावरं अक्षर. "वर्ष जुनं आहे. हुकूम मान्य करता येत नाही. पुन्हा पाठवा." आणि त्याखाली बारीक, "आई, जरा झोप काढ."

अक्षर माझंच हे त्याने ओळखलं होतं, ताई. आईने लिहिलंय हे ठाऊक असून तो उतरला नाही. मी त्याला असंच घडवलं होतं.

सूर्य बुडाला होता. बुडाल्यावर पाटी बाहेर जात नाही. मी नवीन पाटी बरोबर लिहिली आणि पहाटे जायला दाराशी ठेवली. नियमाला धरून. वाटलं तर स्वतः धावत जाता आलं असतं, अर्ध्या तासाची वाट आहे. मी गेले नाही. त्याच रात्री थंडीने नदी पुरती गोठली, आणि ते बर्फावरून आले.

आता सगळे निघतायत. लोक कबरी उकरून आईबापांची हाडं पोत्यांत भरतायत, परक्यांच्या हाती ठेवायची नाहीत म्हणून. बाबांची हाडं मी काढली, आईचीही. सेक्कोला काढताना हात धजेना, ते गामोने केलं. उर्सोचं मी काय बांधून घेऊ?

गामोला म्हटलं, "तुम्ही जा. मी राहते. मी गेले तर त्याला शब्द कोण पाठवणार?"

"आणि वहिनी, तुम्ही मेलात की मग?"

मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

काल फ्लोरसांनी बोलावलं. गादीवर ताठ बसले होते, अंगावर पट्टा चढवून.

"क्विंतिला, तिसरा बुरूज उठवला का?"

इतक्या महिन्यांनी मी खरं सांगितलं. "तिथे कोणी नाही, साहेब. जानेवारीपासून."

"मला फसवू नकोस, बाई. डोळे गेलेत, बोटं गेलेली नाहीत. रोज तीन रेघा चाचपतो मी. डावखुऱ्या आहेत." थोडा दम घेऊन म्हणाले, "सरळ शिपाई आहे. हुकमाशिवाय चौकी सोडणार नाही. मेला तरी सोडणार नाही. लिही हुकूम."

"वर्ष कुठलं लिहू, साहेब? मला या सालाचं नाव ठाऊक नाही. कोणालाच नाही."

त्यांनी पट्टा चाचपून नीट केला.

"ज्याला पाठवायचंय त्याला पटेल असं लिही."

रात्र गेली, सकाळ गेली, पाटी माझ्या मांडीवर कोरीच आहे. पुन्हा चुकले तर तो पुन्हा परत पाठवील. आणि मुदतीचे दिवस सहा उरलेत.

क्विंतिला

ऑक्टोबर, निघायच्या आदल्या दिवशी

ताई,

लिहिलं.

"तिसरा बुरूज उठवला आहे. पहारा संपला. परत यावं. किल्लेदार फ्लोरस यांच्या हुकमावरून, उर्सुलसच्या जन्मापासूनच्या चोविसाव्या वर्षी."

हुकूम म्हणून त्याचं पूर्ण नाव घातलं. कॉन्सल येतात, जातात, लोक त्यांना विसरतात. हे वर्ष खोटं आहे असं त्याला म्हणता येणार नाही. मी होते तिथे. तूही होतीस, गरम पाणी घेऊन.

पाटी मी स्वतः नेली. गामो मागून लंगडत आला, पहिल्या बुरुजाची रेघ मारून दिली, पुढे येईना. म्हणाला, "हा तुमचा घरचा मामला, वहिनी." वळणावरच्या खुंटीला मी पाटी टांगली आणि पाठ करून बसले. दुसऱ्या बुरुजाच्या दोन रेघा मारल्या नाहीत. तिथे कोणी नाही, आणि या पाटीवर मला काहीही खोटं नको होतं.

चौकी उठते तेव्हा काय करतात ते तुला माहीत नसेल. शेवटचा शिपाई रेघा मारत नाही. अंगठ्याने सगळं मेण पुसून सपाट करतो आणि कोरी पाटी परत देतो. इथे आता कोणी नाही, असा त्याचा अर्थ.

मी वाट बघत राहिले. सूर्य डोंगराला टेकला, वाळुंजांच्या सावल्या पाण्यात गेल्या. आवाज नाही, वास नाही. वर्ष पटलं नाही, असं वाटलं. मग नदीकडेच तोंड ठेवून मोठ्याने बोलले. कोणी ऐकलं असतं तर म्हातारी चळली म्हणालं असतं.

"उर्सो, नीट बघ. या वेळेला बरोबर आहे. त्या दिवशी माझी चूक झाली. तू बरोबर होतास, आणि मी चुकले होते. आता उतर खाली."

टक्.

मी लगेच वळले नाही. धीर झाला नाही. वळले तेव्हा पाटी अजून झुलत होती. मेण सपाट, एक अक्षर नाही. मधोमध अंगठ्याचा ठसा, आणि त्यात आडवी चीर. वेली छाटताना आठव्या वर्षी त्याला कोयता लागला होता, तू त्यावर व्हिनेगर ओतलंस आणि तो तुला चावला होता. तीच चीर. मेण ऊबदार होतं.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. नऊ महिने रोज तीन रेघा येत होत्या, त्या आता येणार नाहीत. मी तिथेच खाली बसून रडले, सेक्को गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. गामो मला न्यायला आला. पाटी फ्लोरसांच्या हातात दिली. त्यांनी सगळीकडून बोटं फिरवली, ठशावर थांबले, आणि म्हणाले, "छान. आता आपण निघू शकतो."

उद्या पहाटे फाटक उघडं टाकून निघायचं. बंद करावं की नाही यावर आज दुपारी भांडण झालं. बंद करायला आत कोणीतरी राहावं लागतं, हे शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं.

क्विं.

नोव्हेंबर, डोंगर ओलांडून अलीकडे
उर्सोचं चोविसावं वर्ष

ताई,

हे पत्र घोडेस्वार पुढे नेतोय, माझ्या चार-पाच दिवस आधी पोचेल. नीट वाच, कारण काही तयारी तुला करायची आहे.

फ्लोरस खिंडीत गेले, बर्फ पडायच्या आदल्या संध्याकाळी. त्यांनी त्या दिवशीचा शब्द दिला आणि म्हणाले, "उद्यापासून तू दे." त्यांना वाटेतच पुरलं. आमच्याजवळ हाडांची इतकी पोती आहेत की त्यांना एकटं ठेवताना वाईट वाटलं.

शब्द मी देते. ठाणं नाही, बुरूज नाहीत, शत्रू म्हणावं असंही कोणी नाही, तरी संध्याकाळी गाड्या थांबल्या की म्हातारे शिपाई माझ्याकडे येऊन उभे राहतात. त्यांना झोप लागत नाही त्याशिवाय.

आता पावांचं ऐक. पाव वाटायचं काम गामोकडे आहे. निघालो तेव्हा त्याने माणसं मोजली होती. पहिल्याच मुक्कामाला एक पाव कमी पडला. गामोने स्वतःचा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून तितकेच भाजले, तरी एक कमी. बायका म्हणाल्या, लंगड्याला मोजता येत नाही. मग त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं, दिवसाढवळ्या, आणि प्रत्येकाच्या हातावर पाव ठेवत गेला. शेवटी माझ्यापाशी आला. माझ्या हातावर एक ठेवला. मग मान न उचलता माझ्या डाव्या बाजूला हात पुढे केला, आणि परत घेतला तेव्हा त्यात पाव नव्हता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "वजन लागलं हाताला."

मी डावीकडे बघितलं नाही. मला सवय झाली आहे. पाठ केली, नजर फिरवली, की तो असतो. गाडीमागे चालताना भिजलेल्या राखेचा वास येतो, आणि रोज थोडा कमी होतो. कालपासून नुसता ओल्या लोकरीचा येतोय. भीती वाटते का म्हणून विचारशील. वाटते. तो पुन्हा कुठेतरी थांबून राहील, आणि मी पुढे निघून जाईन, याची वाटते. कारण तो सवयीचा गुलाम आहे, ताई. प्रत्येक नाक्याशी, प्रत्येक पुलाशी तो थबकतो, मला पाठीवर कळतं. मी त्या दिवशीचा शब्द पुटपुटते, मगच पुढे येतो.

अकरा वर्षांपूर्वी तू बैलगाडीत बसून म्हणाली होतीस, "पोराला माझ्याबरोबर पाठव, इथे काही उरणार नाही." आणि मी चारचौघांत म्हटलं, "माय मरो मावशी जगो म्हणतात, पण माय अजून मेलेली नाही. स्वतःला झालं नाही म्हणून दुसऱ्याचं पळवायला बघतेस." तू गाडीतून एकदाही वळून बघितलं नाहीस. ते बोलणं मी रोज आठवते. तू बरोबर होतीस, आणि मी ते हट्टाने बोलले. माफ कर असं लिहायला मला या सगळ्याची वाट बघावी लागली.

तू मागितला होतास, मी दिला नाही. आता घेऊन येते आहे.

ताटं दोन मांड. त्याचं माझ्या डावीकडे. भावजींना आधी समजावून सांग, ते त्या जागी टेकायला जातील. आणि दार उघडायला नोकराला पाठवू नकोस, तू स्वतः ये. मला आत ओढून घेशील, मिठ्या मारशील, रडशील, ते नंतर. मी उंबऱ्याच्या आत आले तरी तो बाहेर उभा राहील, कारण त्याला आत घेणारं कोणी शब्द बोललेलं नसेल. तेव्हा आधी माझ्याकडे न बघता, जरा पाठ करून, मोठ्याने शब्द सांग. चुकू नकोस. त्या संध्याकाळसाठी मी तो आजच ठरवून ठेवलाय, आणि त्यालाही सांगितलाय.

शब्द आहे 'मावशी'.

तुझी,
क्विंतिला